तालुक्याच्या मैदानावर मुलांना शिकवते कोण?

प्रति,
मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
शिवछत्रपती क्रीडा संकुल, म्हाळुंगे-बालेवाडी, पुणे.

विषय: दारव्हा (जि. यवतमाळ) आणि तत्सम तालुक्यांतील दहा ते चौदा वर्षांच्या खेळाडूंचे प्रशिक्षण.

महोदय,

महाराष्ट्राच्या क्रीडा प्रशासनाने गेल्या दोन दशकांत तालुका पातळीवर जे उभे केले, त्याचा हिशेब मुख्यतः बांधकामात मांडला गेला आहे. तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा एक कोटी रुपयांवरून पाच कोटींपर्यंत नेण्यात आली, प्रेक्षागृह, धावपट्टी, संरक्षक भिंत आणि व्यायामशाळेचे साहित्य यांची अंदाजपत्रके झाली आणि हे सर्व आवश्यकच होते. मात्र संध्याकाळी पाच वाजता शाळा सुटल्यावर त्या मैदानावर अकरा वर्षांच्या मुलांसमोर कोण उभे असते, त्या व्यक्तीला काय येते आणि ती पुढच्या वर्षीही तिथे असेल काय, हे प्रश्न कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाहीत. तालुक्यातील बालखेळाडूंच्या प्रगतीला आज अडसर आहे तो मैदानाच्या अभावाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रशिक्षित आणि टिकून राहणाऱ्या मार्गदर्शकाच्या अभावाचा, एवढे एकच म्हणणे या पत्रात मांडावयाचे आहे.

यासंदर्भात क्रीडाशिक्षक आणि क्रीडा मार्गदर्शक या दोन भूमिकांतील भेद प्रथम स्पष्ट करणे इष्ट ठरेल. क्रीडाशिक्षक हा शाळेचा नोकर असतो. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन तो सर्व मुलांना आरोग्य, कवायत आणि अनेक खेळांची तोंडओळख देतो. मार्गदर्शक एका विशिष्ट खेळात मुलाला वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने घडवतो, आणि त्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेसारख्या, १९६१ पासून याच कामाला वाहिलेल्या संस्थेतील पदविका हे देशात मान्य झालेले प्रशिक्षण आहे. दारव्ह्यासारख्या ठिकाणी या दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या माथी मारल्या जातात, आणि बहुतेक शाळांत तो एक माणूसही नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शंभरांहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळेला आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. त्याहून लहान शाळांसाठी तीही नाही, आणि तालुक्यातील खेड्यापाड्यांच्या शाळा बहुतेक लहानच असतात. माध्यमिक शाळेत जो क्रीडाशिक्षक असतो, त्याच्याकडे परिपाठापासून निवडणुकीच्या कामापर्यंत सर्व काही असते आणि स्पर्धांच्या प्रवेशिका भरणे हे त्याच्या खेळविषयक कामांतील सर्वांत वेळखाऊ काम होऊन बसते. त्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही.

या व्यवस्थेत मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष खेळ किती येतो, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप लक्षात येते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत घेतल्या जातात आणि तालुक्याच्या पायरीवर त्या सामान्यतः बाद पद्धतीने, म्हणजे हरलेला संघ तत्काळ स्पर्धेबाहेर जाईल अशा रीतीने, खेळवल्या जातात. सोळा संघ आले तर आठ संघ पहिल्या सामन्यानंतर घरी परततात. या आठ संघांतील मुलांचा त्या वर्षाचा एकूण स्पर्धात्मक खेळ अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. जे राखीव म्हणून बाकावर बसले त्यांचा तोही नसतो. स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, त्या वेळी काळ्या मातीचे मैदान पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तेच मैदान भेगाळून टणक होते, त्यामुळे सरावाचे चांगले दिवस हिवाळ्यातच मिळतात, पण तोवर हंगाम उलटून गेलेला असतो आणि संघ विसर्जित झालेला असतो. दहा वर्षांच्या मुलाला शिकवण्याऐवजी निवडण्याची ही पद्धत आहे, आणि निवडही अशा वयात केली जाते ज्या वयात ती जवळजवळ हमखास चुकते.

ती का चुकते, हे शरीरशास्त्राच्या आधारे सांगता येते. मुलींची उंची सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते. परंतु ही केवळ सरासरी असून जन्मतारखेने एकाच वयाची दोन मुले शारीरिक परिपक्वतेत एकमेकांहून दोन-तीन वर्षे पुढे-मागे असू शकतात. कबड्डीच्या चौदा वर्षांखालील संघात जो मुलगा चढाईत प्रतिस्पर्ध्यांना सहज ओढत मध्यरेषेपलीकडे आणतो, तो अनेकदा अधिक कुशल नसून फक्त लवकर वाढलेला असतो, आणि सतराव्या वर्षी इतर मुले त्याच्या उंचीला पोहोचल्यावर त्याच्याकडे कौशल्याची शिदोरी नसल्याने तो मागे पडतो; तोवर उशिरा वाढणारी, पण पायाने चपळ आणि डोक्याने सावध अशी मुले खेळ सोडून गेलेली असतात. यालाच जोडून सापेक्ष वयाचा परिणाम नावाची गोष्ट येते: वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होत असेल तर जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातील डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या १९८५ च्या अभ्यासापासून अनेक देशांत व अनेक खेळांत असे आढळले आहे की निवडलेल्या संघांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांची गर्दी असते. (विदर्भातील जुन्या दाखल्यांवर १ जून या जन्मतारखेची जी रेलचेल दिसते ती पाहता, असा अभ्यास येथे करणाऱ्याला आधी कागदांची पारख करावी लागेल.) जाणता मार्गदर्शक दर तीन महिन्यांनी मुलांची उंची नोंदवतो आणि वाढ वेगात आहे असे दिसताच उड्या व जोरकस सरावाचे प्रमाण कमी करतो, कारण याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी, जेथे मांडीच्या स्नायूचा बंध हाडाला येऊन मिळतो, तेथे दुखणे सुरू होते. हे ज्याला ठाऊक नाही तो त्या मुलाला आळशी ठरवतो.

मार्गदर्शकाच्या वागण्यानेच मुले खेळात टिकतात किंवा खेळ सोडतात, यासाठीही अनुमानावर विसंबण्याची गरज नाही. अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी बाल बेसबॉलच्या मार्गदर्शकांचे प्रत्यक्ष वर्तन वर्षानुवर्षे मैदानावर बसून नोंदवले आणि त्यावरून जेमतेम अडीच तासांचे एक प्रशिक्षण तयार केले. प्रयत्नाला दाद द्यावी, चूक झाली की आधी धीर द्यावा आणि लगेच ती कशी सुधारायची ते दाखवावे, शिक्षा व टोमणे टाळावेत, यश म्हणजे जिंकणे नव्हे तर पूर्ण प्रयत्न होय असे मुलांना समजावे, एवढाच त्याचा गाभा होता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले की प्रशिक्षण न घेतलेल्या मार्गदर्शकांच्या हाताखालील २६ टक्के मुलांनी पुढील हंगामात खेळ सोडला, तर प्रशिक्षण घेतलेल्यांच्या हाताखालील केवळ ५ टक्के मुलांनी. आणि दोन्ही गटांच्या संघांच्या हारजितीत मात्र फरक नव्हता. म्हणजे मुले टिकली ती जिंकल्यामुळे टिकली असे म्हणण्याला जागा उरत नाही. वऱ्हाडातील मैदानांवर चुकलेल्या मुलाला उठाबशा किंवा मैदानाच्या फेऱ्या लावण्याची जी रीत आजही अनेक ठिकाणी शिस्त म्हणून गौरवली जाते, तिच्याकडे या आकड्यांच्या प्रकाशात पाहिले पाहिजे. धावणे हीच जर शिक्षा ठरली, तर धावण्याची आवड त्या मुलाला कोठून लागावी?

चांगला खेळाडू हा आपोआप चांगला मार्गदर्शक होतो, ही समजूत शासकीय योजनांतही डोकावते. खेलो इंडिया केंद्रांत माजी विजेत्या खेळाडूंना मार्गदर्शक म्हणून नेमण्याची कल्पना चांगली आहे, त्यामुळे निवृत्त खेळाडूला उपजीविका मिळते. परंतु पदक हे शिकवण्याच्या पात्रतेचे प्रमाणपत्र मानले जाऊ नये. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते, स्टेट बँकेत नोकरी करत होते, आणि १९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना मिळाला तो शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण अमरे यांच्यासारखी मुले घडवल्याबद्दल. त्यांच्या पद्धतीत मुलाला जास्तीत जास्त सामने मिळावेत यासाठीची धडपड मोठी होती. एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन तेंडुलकरला ते खेळायला लावत. दारव्ह्यासारख्या तालुक्यातील निम्म्या संघांच्या मुलांना वर्षात एकच सामना मिळतो हे वर सांगितलेच आहे.

ज्ञानाच्या अभावी गुणवान खेळाडूचे काय होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधवांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला गेला तेव्हा मॅटवर, आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढण्याचा त्याला अनुभव नव्हता; तेथे रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन मिळाले, सहावा क्रमांक आला, आणि चार वर्षांच्या तयारीनंतर १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्याने मिळवले. प्राचार्य खर्डेकरांनी त्याच्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट शाळेतील मुलांनाही माहीत असते. मॅटवरची कुस्ती त्याला आधी कोणी शिकवली नव्हती, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये ते मिळवणारा स्वप्नील कुसाळे हा राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा मुलगा शासनाच्याच क्रीडा प्रबोधिनीतून घडला होता. २००९ साली वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो प्रबोधिनीत दाखल झाला, वर्षभर सर्वांगीण शारीरिक तयारी झाल्यावर त्याने नेमबाजी हा खेळ निवडला, आणि पुढे ऑलिम्पिक खेळलेल्या दीपाली देशपांडे यांच्यासारख्या मार्गदर्शकाकडे तो वर्षानुवर्षे राहिला. आधी शरीर घडवावे, मग खेळ ठरवावा आणि त्यानंतर मार्गदर्शक बदलू नये, असा हा क्रम आयुक्तालयाच्या स्वतःच्या घरातला आहे. तो बाहेरून उसना आणण्याची गरज नाही.

याउलट बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचिनला राहिला, आणि सैन्याच्या शर्यतीत धावू लागला तेव्हा विशीत पोहोचला होता. आशियाई सुवर्णपदक मिळवणारा तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचा हा राष्ट्रीय विक्रमवीर शालेय स्पर्धांच्या पाच पायऱ्यांतून नव्हे, तर सैन्यातून पुढे आला. त्याचे यश हा त्या पायऱ्यांचा गौरव म्हणून मिरवण्याऐवजी त्यांच्याविषयीचा आक्षेप म्हणून वाचला जावा.

विदर्भाला तर या बाबतीत अधिक खंत वाटावी असा इतिहास आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनमध्ये कबड्डी, खो-खो, मल्लखांब यांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली आणि पुढे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या. २०२३ साली त्याच बर्लिनमध्ये नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड धनुर्विद्येचा विश्वविजेता झाला आणि सातारा जिल्ह्यातील सतरा वर्षांची अदिती स्वामी त्याच स्पर्धेत महिलांची विश्वविजेती ठरली. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकत होते. म्हणजे नागपूरच्या खेळाडूला मार्गदर्शकाच्या शोधात सह्याद्रीच्या पायथ्याशी जावे लागले. साताऱ्यात संगमरवरी संकुल आहे म्हणून तो गेला नाही. तेथे शिकवणारा माणूस होता म्हणून गेला. प्रत्येक कुटुंबाला मुलाला असे पाठवणे परवडणारे नसते, आणि कापूस-सोयाबीनच्या भावावर वर्षाचे गणित बसवणाऱ्या दारव्हा तालुक्यातील कुटुंबांना तर नाहीच नाही.

तालुक्यात प्रशिक्षण मुळीच मिळत नाही, असेही नाही. पहाटे दारव्ह्याहून निघणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर पोलीस भरतीच्या तयारीची मुले-मुली धावताना दिसतात. मुलांसाठी सोळाशे मीटर, मुलींसाठी आठशे मीटर, दोघांसाठी शंभर मीटर आणि गोळाफेक, असा मैदानी चाचणीचा ठरलेला साचा असतो आणि त्यासाठी शुल्क घेणाऱ्या खासगी अकादम्या गावोगावी आहेत. या मुलांची जिद्द निर्विवाद आहे. पण डांबरी रस्त्यावर रोज एकच अंतर एकाच वेगाने धावणे म्हणजे क्रीडा प्रशिक्षण नव्हे. त्यातून नडगीच्या हाडाची दुखणी उद्भवतात, आणि मुख्य म्हणजे हे सर्व अठराव्या वर्षी सुरू होते, जेव्हा धावण्याची लय, समतोल आणि चपळता शिकण्याचे सर्वांत सुपीक वय मागे पडलेले असते. दहाव्या-अकराव्या वर्षी खेळात खर्च केलेला तास या भरतीच्या मैदानावरही कामी येतो, हे पालकांना सांगितले तर त्यांना ते पटकन पटेल. परीक्षेत खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांपेक्षा हा युक्तिवाद अधिक प्रामाणिकही आहे. सवलतीच्या गुणांनी तर असे झाले आहे की दहावी-बारावीच्या वर्षी अचानक खेळाडू उगवतात आणि निकालानंतर दिसेनासे होतात.

मुलींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. खेड्यावरून येणाऱ्या मुलीचा सराव शेवटच्या एसटीच्या वेळेवर अवलंबून असतो, त्यामुळे संध्याकाळचे सत्र तिच्यासाठी अस्तित्वातच नसते, आणि मधल्या सुट्टीत किंवा शाळेच्या वेळापत्रकातच तिला तास मिळाला तर ती खेळू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे; लवकर दमणाऱ्या मुलीला अधिक फेऱ्या लावण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला पाठवण्याचे भान शिकवणाऱ्याला हवे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला संघाने महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली जिंकला, त्यामुळे आज तालुक्यातील मुलींना डोळ्यांसमोर ठेवायला एक नाव आहे. पण खांबाजवळ सूर मारताना अंग जमिनीला कसे टेकवावे, हे कोणीतरी जवळ उभे राहून, आधी मऊ मातीवर, शिकवल्याशिवाय येत नाही. आणि पौगंडावस्थेतील मुलींच्या सरावाच्या ठिकाणी महिला मार्गदर्शक अथवा जबाबदार महिला उपस्थित असणे, नेमणुकीपूर्वी प्रत्येक मार्गदर्शकाची चारित्र्य पडताळणी होणे, तक्रार कोठे करावी हे पालकांना लेखी कळवलेले असणे, या बाबी ऐच्छिक मानता येणार नाहीत.

काय करता येईल, याचे उत्तर खर्चिक नाही. पाच कोटींच्या संकुलाचा एक टक्का म्हणजे पाच लाख रुपये, दरमहा चाळीस हजारांहून थोडे अधिक. एवढ्या रकमेत तालुक्याला वर्षभर पूर्णवेळ राहणारा एक पात्र मार्गदर्शक मिळू शकतो. तो हंगामापुरता मानधनावर नसावा, किमान पाच वर्षांसाठी असावा, त्याने कबड्डी, खो-खो किंवा मैदानी खेळांपैकी तालुक्यात रुजलेला एकच खेळ हाती घ्यावा आणि परिसरातील शाळांच्या क्रीडाशिक्षकांना, जिल्हा परिषदेच्या गुरुजींनाही, वर्षातून दोनदा दोन-दोन दिवस मैदानावरच शिकवावे. त्याच्या स्वतःच्या शिक्षणाचा भार अमरावती विभागातील जुन्या, अनुभवी संस्थेकडे सोपवता येईल, आणि ज्येष्ठ मार्गदर्शकाने महिन्यातून एकदा येऊन त्याचा सराव पाहावा व चुका दाखवाव्यात. शिक्षकाला निरीक्षक असतो, मग मार्गदर्शकाला का नसावा?

चौदा वर्षांखालील तालुका स्पर्धा बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक संघ गटातील इतर सर्व संघांशी खेळेल अशा रीतीने, शनिवारच्या सकाळी हिवाळाभर घ्याव्यात आणि प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात काही वेळ खेळवण्याचे बंधन घालावे. जिल्ह्याला पाठवायचा संघ त्यातून निवडता येईलच. नॉर्वेने १९८७ पासून बालक्रीडेसाठी नियम केले असून तेथे अकराव्या वर्षाआधी गुणतक्ते व क्रमवारी प्रसिद्ध करत नाहीत, आणि तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपदे नाहीत. त्याच देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ पदके मिळवली. नॉर्वेची संपन्नता आणि बर्फ येथे आणता येणार नाही, हे उघड आहे, पण गुणतक्ता न छापण्याला पैसा लागत नाही.

यशाचे मोजमापही बदलावे लागेल. मार्गदर्शकाच्या कामाचे मूल्यमापन चौदा वर्षांखालील पदकांवर केले की तो लवकर वाढलेली मुले गोळा करतो, बाकीच्यांना बाकावर बसवतो आणि वयाच्या दाखल्यांकडे डोळेझाक करतो. यात त्याचा स्वभाव वाईट असतो असे नाही, त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा असतो. त्याऐवजी सहावीत आलेल्यांपैकी किती मुले व किती मुली नववीत अजून खेळत आहेत, दुखापतीने किती जण थांबले, प्रत्येकाला वर्षात किती सामने मिळाले, एवढ्या तीन नोंदी तालुका क्रीडा अधिकाऱ्याने एका वहीत ठेवल्या तरी आज कोठेही उपलब्ध नसलेली माहिती तयार होईल.

दारव्हा तालुक्यात हा प्रयोग आगामी हंगामापासून पाच वर्षांसाठी मंजूर व्हावा आणि त्याच्या नोंदी दरवर्षी जाहीर व्हाव्यात, अशी विनंती आहे. त्या मुदतीत मुलांची गळती कमी झालेली दिसली नाही तर ते पद आयुक्तालयाने खुशाल रद्द करावे. संकुलांना अशी अट आजवर कोणी घातलेली नाही, पण मार्गदर्शकाला ती घालण्यास दारव्ह्याच्या पालकांची हरकत नसेल.

कळावे,

दारव्हा, जि. यवतमाळ येथील एक नागरिक